शरीराची लाज कमी करायची असेल, तर कोणत्या क्रमाने जावे

पुण्यात समुपदेशन करताना शरीराच्या लाजेबद्दल बोलणारी जी प्रौढ माणसे मला भेटतात, त्यांच्यापैकी बहुतेकांनी आधी काही ना काही करून पाहिलेले असते. कोणी आरशावर ‘मी सुंदर आहे’ अशी चिठ्ठी चिकटवलेली असते, कोणी दहा किलो वजन उतरेपर्यंत घरच्या लग्नकार्यांना न जाण्याचे ठरवलेले असते, तर कोणी एके दिवशी धीर एकवटून थेट पोहायच्या तलावावर गेलेले असते आणि पाण्यात न उतरताच परत आलेले असते. प्रयत्न प्रामाणिक असतात, पण क्रम चुकलेला असतो. शरीर आवडू लागले की लपणे आपोआप थांबेल, असे या सर्वांनी गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात आधी लपण्याच्या सवयी सोडाव्या लागतात, त्यानंतर चारचौघांतला वावर वाढवावा लागतो, आणि शरीराबद्दलची भावना सर्वांत शेवटी, सावकाश बदलते.

खालील टप्पे अठरा वर्षांवरील स्त्री-पुरुषांसाठी आहेत. वजन, उंची, रंग, टक्कल, कोड, शस्त्रक्रियेचे व्रण, बाळंतपणानंतरचे पोट, पुरुषांच्या छातीवरील उभार यांपैकी लाजेचे कारण कोणतेही असले, तरी क्रम हाच राहतो. संपूर्ण प्रक्रियेसाठी साधारण तीन महिने हाताशी ठेवावेत.

## पूर्वतयारी

पहिले काम म्हणजे हे स्वतःच्या बळावर करण्याजोगे आहे का, ते पाहणे. जेवणानंतर मुद्दाम उलटी करणे, जुलाबाची औषधे घेणे, अनेक दिवस जवळजवळ उपाशी राहणे किंवा अनावर खाणे असे काही घडत असेल, तर स्वतःहून टप्पे सुरू करू नयेत. एखाद्या अवयवाच्या विचारात रोज तासाहून अधिक वेळ जात असेल आणि जो दोष तुम्हाला ढळढळीत दिसतो तो इतरांना दिसतच नसेल किंवा अगदी किरकोळ वाटत असेल, तर तो बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर हा आजार असण्याची शक्यता असते. त्यावर औषधे आणि वर्तन-उपचार दोन्ही उपलब्ध आहेत. मात्र सौंदर्यशस्त्रक्रियेने त्यात सहसा समाधान मिळत नाही, कारण लक्ष दुसऱ्या अवयवाकडे सरकते. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. खासगी दवाखान्याचा खर्च परवडत नसेल, तर ससून रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जाता येते. केंद्र सरकारची टेली-मानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते आणि तिथे मराठीतही बोलता येते.

सावधान: जगणे नकोसे वाटण्याचे विचार येत असतील, तर हा लेख बाजूला ठेवून आजच कोणाशी तरी बोला. बाकी सर्व नंतर करता येईल.

दुसरे काम डॉक्टरांकडचे आहे. लाजेपोटी माणसे ज्या गोष्टी लपवतात, त्यांतील काहींना वैद्यकीय कारण असते. मानेच्या मागे किंवा काखेत काळसर, जाडसर, मखमली त्वचा दिसू लागली की ती मळ समजून घासली जाते, कॉलर वर ओढली जाते, केस मोकळे सोडले जातात. वास्तविक हे बऱ्याचदा इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नसल्याचे लक्षण असते आणि कितीही घासले तरी जात नाही. स्त्रियांच्या हनुवटीवर नव्याने येणारे राठ केस, कारणाशिवाय झपाट्याने वाढलेले किंवा उतरलेले वजन, पुरुषांच्या छातीत जाणवणारी गाठ या गोष्टी एकदा दाखवून घ्याव्यात. पीसीओएस (स्त्रियांच्या अंडाशयाशी निगडित संप्रेरकांचा विकार), थायरॉईड किंवा मधुमेहाची सुरुवात वेळेवर समजली, तर तिची चिंता डॉक्टरांवर सोपवता येते आणि आपल्याकडे फक्त लाजेचे काम उरते.

तिसरे काम सोपे आहे: एक साधी वही घ्यावी आणि घरातील किंवा मैत्रीतील एका व्यक्तीला काय करणार आहोत ते सांगावे. ही व्यक्ती सल्ले देणारी नसावी, ऐकून घेणारी असावी.

तपासा: डॉक्टरांना दाखवून झाले का? धोक्याच्या यादीतील काही लागू होते का? सोबतीची व्यक्ती ठरली का? तिन्ही उत्तरे स्पष्ट झाल्यावरच पुढे जावे.

## टप्पा १: दोन आठवडे फक्त नोंद

या दोन आठवड्यांत काहीही बदलायचे नाही. शरीराची लाज वाटेल तेव्हा वहीत चार गोष्टी लिहायच्या: कुठे होतो, काय घडले, मन काय म्हणाले आणि मग मी काय केले. एक नमुना असा: ‘रविवारी सकाळी, लक्ष्मी रस्त्यावरील दुकान. विक्रेत्याने न विचारता मोठ्या मापाचा कुर्ता काढला. मन म्हणाले, याने लगेच ओळखले. मी काहीच न घेता बाहेर पडले आणि संध्याकाळचे भिशीचे जेवण रद्द केले.’

चार गोष्टींतील शेवटची सर्वांत मोलाची आहे, आणि नेमकी तीच लिहायची राहते. लोक भावनांची पानेच्या पाने लिहितात, पण ओढणी किती वेळा सारखी केली, कोणते आमंत्रण टाळले, घरी येऊन किती वेळ आरशासमोर उभे राहिलो हे लिहीत नाहीत. पुढच्या प्रत्येक टप्प्याचा कच्चा माल त्याच रकान्यात आहे.

मन जे म्हणाले त्याचेही नंतर दोन भाग करून पाहावेत. ‘माझे पोट मोठे आहे’ हे वर्णन आहे. ‘म्हणून चारचौघांत बसण्याची माझी लायकी नाही’ हा त्यातून काढलेला निष्कर्ष आहे. अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेली आणि महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती नेमक्या या उडीवर बोट ठेवते. एखाद्या गुणाचे किंवा अवयवाचे मूल्यमापन करता येते, संपूर्ण माणसाचे करता येत नाही, असे ती सांगते, आणि तिथूनच विनाअट आत्मस्वीकाराची कल्पना येते. ‘विनाअट’ हे विशेषण इथे अक्षरशः घ्यावे. वजन उतरल्यावर, केस उगवल्यावर, लग्न ठरल्यावर मिळणारा स्वीकार हा सशर्त असतो आणि शर्त मोडली की तोही मोडतो.

तपासा: दोन आठवड्यांनंतर वही चाळताना ‘मी काय केले’ या रकान्यात त्याच त्या कृती पुन्हा पुन्हा दिसतात का? दिसत असतील, तर नोंद नीट झाली आहे.

## टप्पा २: तपासणे, लपवणे आणि विचारणे

नोंदवहीतील कृती बहुधा चार गटांत बसतात. तपासणे म्हणजे दिवसातून अनेकदा वजन करणे, दुकानांच्या काचांत स्वतःकडे पाहणे, पोटाची घडी चिमटीत धरून पाहणे, फोटो मोठा करून गाल न्याहाळणे. लपवणे म्हणजे मांडीवर सतत पर्स ठेवणे, उन्हाळ्यातही जाकीट घालणे, टोपी न काढणे, गटाच्या फोटोत नेहमी मागे उभे राहणे. विचारणे म्हणजे ‘मी जाड दिसते का?’ हा प्रश्न नवऱ्याला, बहिणीला, मैत्रिणीला आलटून पालटून विचारत राहणे. चौथा गट टाळण्याचा आहे, पण त्याला इतक्यात हात लावू नये. तो पाचव्या टप्प्यात येईल.

या सवयी टिकतात, कारण प्रत्येकीतून लगेच थोडा दिलासा मिळतो. नवरा ‘नाही गं, छान दिसतेस’ म्हणतो, जीव निवतो, आणि जिन्यावरून उतरेपर्यंत शंका परत येते. दिलासा मिळाल्यामुळे मेंदू एवढेच शिकतो की धोका खरा होता आणि विचारल्यामुळे तो टळला. म्हणून पुढच्या वेळी विचारण्याची निकड अधिक तीव्र होते.

सर्वांत सोपी सवय निवडून एका वेळी एकच सोडावी. रोज वजन करणाऱ्यांनी आठवड्यातून एकदाच करावे आणि काटा मधल्या दिवसांत कपाटात ठेवावा. विचारण्याची सवय असेल, तर घरच्यांनाच सांगून ठेवावे, की या प्रश्नावर त्यांनी प्रेमाने एवढेच म्हणावे: ‘याचे उत्तर द्यायचे नाही असे आपले ठरले आहे.’ पहिले काही दिवस घरच्यांना हे निष्ठुरपणाचे वाटते, त्यामुळे कारण आधी समजावून सांगणे गरजेचे आहे. फोटो मोठे करून पाहण्याची सवय असणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. हात लांब करून घेतलेल्या सेल्फीत कॅमेरा चेहऱ्यापासून साधारण एक फुटावर असतो, आणि इतक्या जवळून नाक पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा जवळजवळ ३० टक्के रुंद दिसते, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणिती अभ्यासात दाखवले गेले. फोनमधला चेहरा हा समोरच्या माणसाला दिसणारा चेहरा नसतो.

सावधान: सवय सोडल्यावर पहिल्या काही दिवसांत अस्वस्थता वाढते. बरेच जण याच वेळी ‘मला हे जमत नाही’ म्हणून थांबतात. ही वाढ अपेक्षित आहे. ती सवय सोडलेलीच ठेवून आणखी आठवडाभर थांबावे. तपासणे सोडताना नवे तपासणे सुरू होत नाही ना, याकडेही लक्ष ठेवावे: काटा कपाटात गेल्यावर काही जण जीन्सच्या बटणावरून वजनाचा अंदाज घेऊ लागतात.

## टप्पा ३: आरशासमोर वर्णन

सर्वांत जास्त चुका या टप्प्यात होतात. आरशासमोर उभे राहून स्वतःची स्तुती करणे हा याचा हेतू नाही. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ज्यांचा आत्मसन्मान मुळात कमी होता त्यांना स्वतःविषयीचे गोड वाक्य घोकल्यावर बरे वाटण्याऐवजी अधिक वाईट वाटले. मन पटत नसलेल्या वाक्याशी वाद घालू लागते, आणि त्या वादात जुनेच मुद्दे जिंकतात. ती आरशावरची चिठ्ठी म्हणूनच काढून टाकावी.

पद्धत अशी आहे.

१. पूर्ण उंचीचा आरसा हवा. एकत्र कुटुंबात एकांत मिळणे कठीण असते. तेव्हा कपाटाच्या दारावरचा आरसा आणि घर रिकामे असण्याची वेळ निवडावी. न्हाणीघरातील छोटा आरसा चालत नाही, कारण त्यात तुकडाच दिसतो.

२. आरशापासून तीन-चार फूट दूर उभे राहावे. नाक काचेला टेकवून पाहिले, तर कोणाचीही त्वचा खडबडीत दिसते.

३. पहिले काही दिवस रोजचे घरगुती कपडे घालावेत. नंतर बाही नसलेले, पोट दिसेल असे कपडे, आणि स्वतःला योग्य वाटल्यास त्याहून कमी.

४. डोक्यापासून पायांपर्यंत क्रमाने जावे आणि प्रत्येक भागाला सारखाच वेळ द्यावा. नावडत्या भागावर रेंगाळू नये, तो वगळूही नये.

५. जे दिसते ते मोठ्याने, एखाद्या अनोळखी माणसाला फोनवर सांगत असल्यासारखे सांगावे: रंग, आकार, पोत, जागा. ‘पोट सुटले आहे’ असे न म्हणता ‘नाभीच्या खाली त्वचेची एक आडवी घडी आहे, तिच्या दोन्ही बाजूंना फिकट रेषा आहेत’ असे म्हणावे. ‘डोके विद्रूप झाले आहे’ याऐवजी ‘कपाळावरची केसांची रेषा मागे गेली आहे, कानांच्या वर केस दाट आहेत’ असे.

६. दहा ते पंधरा मिनिटांनी थांबावे. आठवड्यातून तीन-चार वेळा, तीन आठवडे.

वर्णन करताना दूषणे येणारच. आली की ती तिथेच सोडून पुढच्या अवयवाकडे जावे. त्यांच्याशी भांडत बसू नये.

तपासा: तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी नावडत्या भागाचे वर्णन कोपराच्या किंवा गुडघ्याच्या वर्णनाइतकेच सपाट सुरात करता येते का? आवडणे अपेक्षित नाही. सूर सपाट झाला की हा टप्पा पूर्ण झाला.

## टप्पा ४: आजच्या मापाचे कपडे

हे काम एका शनिवार-रविवारी उरकते. ‘बारीक झाल्यावर घालीन’ म्हणून ठेवलेले कपडे एका पिशवीत बांधून माळ्यावर टाकावेत किंवा देऊन टाकावेत. रोज सकाळी कपाट उघडल्यावर ते समोर दिसले, की दिवसाची सुरुवातच निकालाने होते. शिंप्याकडे जाऊन आजचे माप द्यावे, श्वास आत न घेता. रोजच्या वापराचे निदान तीन जोड असे हवेत, की जे बसल्यावर काचत नाहीत आणि ज्यांकडे दिवसभर लक्ष द्यावे लागत नाही. ऐपत बेताची असेल, तर आहे त्या ब्लाउजांची शिवण उसवून घेणेही पुरेसे आहे.

## टप्पा ५: बाहेरचा वावर, पायरीपायरीने

आता टाळलेल्या गोष्टींची यादी करावी. प्रत्येक प्रसंगाला अस्वस्थतेचे शंभरपैकी गुण द्यावेत आणि कमीपासून जास्तीपर्यंत लावावेत. एका स्त्रीची यादी साधारण अशी असू शकते: घरी बाही नसलेला गाऊन घालून दार उघडणे, २०, पीएमपीच्या बसमध्ये पर्स मांडीवर न ठेवता बसणे, ३०, तळजाईच्या टेकडीवर ओढणीशिवाय सकाळी फिरणे, ४०, फर्ग्युसन रस्त्यावरील गजबजलेल्या हॉटेलात मनासारखे पोटभर खाणे, ५०, मंगल कार्यालयात पहिल्या रांगेत उभे राहून फोटो काढून घेणे, ७०, जलतरण तलावावर महिलांच्या वेळेत पोहायला जाणे, ९०. हातावर कोड असलेल्या पुरुषाच्या यादीत भाजीवाल्याकडे अर्ध्या बाहीच्या शर्टात जाण्यापासून सुरुवात होईल आणि कार्यालयातील बैठकीत त्याच शर्टात सादरीकरण करण्यापर्यंत ती जाईल.

सुरुवात ३०च्या आसपासच्या प्रसंगापासून करावी. नियम तीनच आहेत आणि तिन्ही सारखेच महत्त्वाचे आहेत. अस्वस्थता जेवढी चढली असेल तिच्या निम्म्यावर येईपर्यंत तिथून निघायचे नाही. चढणीवर परत फिरले, तर मेंदूकडे ‘पळाल्यामुळे वाचलो’ एवढीच नोंद उरते. पर्स, जाकीट, टोपी, मोबाईलमध्ये खुपसलेले डोके अशी कोणतीही ढाल बरोबर न्यायची नाही. आणि एकच पायरी वेगवेगळ्या दिवशी इतकी वेळा करायची, की ती कंटाळवाणी वाटू लागेल. थेट तलावावर जाणाऱ्यांचे इथेच बिनसते: ९०ची पायरी पहिल्यांदा घेतली जाते, अस्वस्थता शिखरावर असताना माघार होते, आणि आधीपेक्षा अधिक भीती घेऊन माणूस घरी येतो.

जाण्याआधी वहीत एक भाकीत लिहावे: ‘बसमधले किमान दहा जण माझ्याकडे बघतील.’ परतल्यावर प्रत्यक्षात काय दिसले ते लिहावे. कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना लाजिरवाणा वाटेल असे चित्र असलेला टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवले होते. आपला शर्ट खोलीतील जवळजवळ निम्म्या लोकांच्या लक्षात आला असेल, असे घालणाऱ्यांना वाटले. प्रत्यक्षात तो सुमारे पाव लोकांच्याच लक्षात आला होता. पण इथे खोटी आशा देणे मला मान्य नाही. काही लोक खरोखरच टक लावून पाहतात, विशेषतः कोड, भाजल्याचे व्रण किंवा खूप जास्त वजन असेल तर. अशा वेळी शिकायचे असते ते वेगळेच: कोणी पाहिले तरी आपण बसमध्ये बसून राहू शकतो आणि आपल्या थांब्यावर उतरू शकतो.

तपासा: एका पायरीवर दोन वेळा अस्वस्थता सुरुवातीच्या गुणांच्या निम्म्याहून खाली राहिली, तरच वरची पायरी घ्यावी.

## टप्पा ६: बोलणाऱ्यांना उत्तर

चार पायऱ्या तरी चढून झाल्याशिवाय या टप्प्याकडे वळू नये, कारण आधी दिलेली उत्तरे एक तर रडून दिली जातात किंवा भांडून. उत्तर छोटे असावे, त्यात स्पष्टीकरण नसावे आणि ते दिल्यावर विषय आपण बदलावा. हळदीकुंकवाला आत्या म्हणते, ‘अगं, केवढी सुटलीस!’ तेव्हा ‘थायरॉईड आहे, डॉक्टर म्हणाले...’ असे सुरू केले, की पुढची पंधरा मिनिटे उपायांत जातात. त्याऐवजी, ‘आत्या, माझ्या अंगावर नको ना बोलूस. तुझा गुडघा कसा आहे आता?’ एवढे पुरते. कार्यालयात ‘काय रे, पार चंद्र उगवला!’ म्हणणाऱ्या सहकाऱ्याला ‘हो, केस गेले. कालची फाईल पाठवलीस का?’ असे म्हणावे. वस्तुस्थिती मान्य केली, की चिडवणाऱ्याच्या हातात काही उरत नाही. हे दोन्ही संवाद सोबतीच्या व्यक्तीबरोबर मोठ्याने म्हणून पाहावेत. मनातल्या मनात केलेला सराव ऐन वेळी उपयोगी पडत नाही.

लग्नासाठीच्या माहितीपत्रकात खरी उंची लिहावी, रंगाचा उल्लेख गाळावा आणि अलीकडचा, न सुधारलेला फोटो लावावा. वाढवलेले दोन इंच कांदेपोह्यांच्या दिवशी उघडे पडतात, आणि तोवरचे सर्व दिवस धास्तीत जातात.

विवाहितांमध्ये लाजेमुळे जवळीक टाळली जाते आणि जोडीदाराला तो स्वतःचा नकार वाटतो. याबद्दल अंथरुणात बोलू नये. फिरताना किंवा चहा घेताना सांगावे, की ‘मला तुझ्यापासून नाही, माझ्या शरीराच्या विचारापासून दूर जावेसे वाटते.’ त्यानंतर मंद दिवा चालू ठेवण्यासारखी छोटी पायरी दोघांच्या संमतीने ठरवावी.

आणखी एक काम याच टप्प्यात करावे, आणि माझ्या मते ते टाळण्याजोगे नाही: स्वतःच्या तोंडून इतरांच्या शरीरावरची शेरेबाजी पूर्ण बंद करावी, कौतुकाचीसुद्धा. ‘किती बारीक झालीस, मस्त!’ हे वाक्य ऐकणाऱ्या मुलीला घरातली मोजपट्टी कळते.

## टप्पा ७: आरोग्याची वेगळी वही

शरीर स्वीकारले तर तब्येतीकडे दुर्लक्ष होईल, ही भीती अनेकांना असते. अनुभव उलट आहे: लाज कमी झालेला माणूस डॉक्टरांकडे वेळेवर जातो आणि टेकडीवर फिरायलाही निघतो. मात्र दोन्ही हिशेब वेगळे ठेवावेत. भारतीयांसाठी कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटर या मर्यादेपुढे मधुमेह व हृदयविकाराचा धोका वाढतो असे मानले जाते. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, सहज श्वास सोडल्यावर, महिन्यातून एकदा मोजावे आणि आरोग्याच्या वेगळ्या वहीत लिहावे. आठवड्याला १५० मिनिटे झपझप चालणे हे त्या वहीतील उद्दिष्ट आहे. लाजेच्या वहीत त्याची नोंद करू नये. काल जास्त खाल्ले म्हणून आज दुप्पट चालणे ही शिक्षा आहे, आणि ती दुसऱ्या टप्प्यातील सवयींमध्ये मोजावी.

## लाज परत उफाळते तेव्हा

दिवाळीचे फोटो, लग्नसराई, बाळंतपण, आजारपण, नवी नोकरी अशा वेळी जुन्या सवयी परततात. तेव्हा सर्व टप्पे पहिल्यापासून करू नयेत. चार दिवस नोंद करावी, कोणती सवय परतली आहे ते ओळखावे, यादीत दोन पायऱ्या खाली यावे आणि तिथून पुन्हा चढावे. आरशाचा सराव आठवडाभर पुरतो.

तीन महिने नेटाने करूनही ४०च्या वर जाता येत नसेल, किंवा सवयी एका बाजूने सुटून दुसऱ्या बाजूने वाढत असतील, तर चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांकडे जावे. जाताना नोंदवही, पायऱ्यांची यादी आणि डॉक्टरांचे अहवाल बरोबर न्यावेत, आणि वर्तन-उपचारांचे प्रशिक्षण झाले आहे का, हे भेटीची वेळ घेतानाच विचारून घ्यावे.